पिवळ्या रेघेच्या अलीकडे

सोमवार, ३ मार्च

माझ्या भिंगरीला,

आजीचे पोतंभर आशीर्वाद. थोडे वाटेत सांडले तरी तुला पुरतील.

तुझं पाकीट आलं. आत फोटो! मी तो बराच वेळ उलटा धरून बघत होते नि म्हणत होते, काय सुरेख झुंबर आहे. मग तुझ्या आईने तो सुलट केला. सुलट केल्यावरही मला झुंबरच दिसलं. फ्रिजएवढ्या पेटीत घडी घालून बसायचं नि वर आकाशात गेल्यावर अख्ख्या नाटकगृहाच्या छपराएवढं व्हायचं, म्हणजे कमालच की गं! मी फोटो शेजारणीला दाखवला, वॉचमनला दाखवला, मला व्यायाम शिकवायला येते त्या पोरीला दाखवला. म्हटलं, ही माझ्या नातीने केलेली छत्री. वॉचमन म्हणतो, "आजी, तिथे पाऊस नसतो, मग छत्री कशाला?" मला उत्तर आलं नाही, पण मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने पुन्हा विचारलं नाही. तेवढं उत्तर लिहून पाठव. माझी शाळा दुसरीतच सुटली, तेव्हा सोपं लिही. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू चिवचिवतेस नि मला फक्त "हॅलो आजी" कळतं.

माझं म्हणशील तर खुब्याचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात. मला चालायला एक चौपायी लोखंडी घोडा दिलाय. तो मी जाईन तिथे माझ्याआधी जातो. तुझ्या आईबाबांकडे मला काही कमी नाही, पण भिंगरे, माझा जीव माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आहे. तिथे खिडकीत बसलं की अख्खा रस्ता आपला. खाली किल्लीवाला दिवसभर कानस घासतो, तो आवाज नसला की मला दुपारी डोळा लागत नाही. आणि तुझा बाबा म्हणतो, "आई, आता त्या जिन्याचं नाव काढू नकोस." खोली सोडायचा निरोप घरमालकिणीला द्यायला निघाला होता. मी म्हटलं, जिना चढून दाखवला तर? तो हसला. हसू दे. ऑगस्टअखेरपर्यंत थांब म्हणून मीच घरमालकिणीला कळवलं.

तुझी छत्री कधी उघडणार ते कळव.

तुझी घोडेस्वार आजी


मंगळवार, ११ मार्च

प्रिय आजी,

घोडेस्वारीबद्दल अभिनंदन. वॉचमनला सांग, ती छत्री नाही, कान आहे. समुद्रात भरकटलेल्या बोटीच्या छोट्या यंत्राची बारीकशी हाक वरून ऐकायची तर कान खूप मोठा हवा. एवढा मोठा कान रॉकेटमध्ये मावत नाही, म्हणून घडी. आमची ही पहिली अँटेना तर कामाचीही नाही, ती फक्त परीक्षेला वर जाणार. तिथे आपली आपण उघडते का, एवढंच बघायचं. ती उघडली तर मग खरी पाठवायची.

पण त्याआधी इथे, जमिनीवर परीक्षा. इथे वस्तूला वजन असतं, तिथे नसतं. म्हणून तिचे लांब हात छताला दोऱ्यांनी टांगतो आणि दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला वजनं लावतो, म्हणजे हातांना वाटावं की आपण अधांतरीच आहोत. मग बटण दाबायचं. एकेक हात उघडतो, बिजागरी 'खट्' करून बसते, आणि हातांमधली सोनेरी जाळी ताणली जाते. आजी, तू बघायला हवं होतंस. मला दर वेळी रडू येतं.

या वेळी मात्र दुसऱ्याच कारणाने आलं. खिडकीकडचा हात, ज्याला आम्ही 'आळशी' म्हणतो, तो शेवटच्या वितीवर थांबला. आमचे मिस्त्रीकाका दोऱ्या सोडवायची लांब काठी घेऊन तिथेच उभे असतात. त्यांनी त्या काठीने हाताला हळूच टोचलं. अगदी हळूच. खट्! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझी पाठ थोपटली.

अहवालात एक रकाना असतो: बाहेरच्या मदतीशिवाय उघडली का? तो मी भरायचा असतो. मी लिहिलं, 'नाही'.

तेव्हापासून सर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. एप्रिलच्या रॉकेटमध्ये आमची जागा ठरलेली आहे, 'नाही' म्हटलं तर ती जाते. म्हणतात, "एका टोचणीचं काय घेऊन बसलीस?" वर मला विचारतात, टोचलं कोणी? सरांचं लक्ष तेव्हा पडद्यावर होतं. मी सांगत नाही. मिस्त्रीकाका या वर्षी निवृत्त होतायत आणि ते त्या अँटेनाशी लेकरासारखं बोलतात. काय करू?

तुझी भिंगरी


गुरुवार असावा, कारण आज व्यायामवाली आली नाही. मार्चच.

माझ्या बाळा,

तुझं पत्र तुझ्या आईकडून दोनदा वाचून घेतलं नि मग एकदा मी स्वतः वाचलं, बोट ठेवून.

अगं, त्यात रडण्यासारखं काय आहे? त्या मिस्त्रीचं किती चांगलं मन! बिचारी उघडता उघडता अडली, त्याने जरासा हात दिला. कोणीही देईल. तू चालायला शिकलीस तेव्हा माझं बोट धरूनच शिकलीस ना? त्याचं कोणी 'नाही' लिहिलं नव्हतं. वरिष्ठांशी उगाच वाकडं घेऊ नये. तू लहानपणापासून अशीच. एकदा चुलत्याने तुला पत्त्यात मुद्दाम जिंकू दिलं, तर तू पत्ते भिरकावलेस नि दिवसभर तोंड फुगवून माळ्यावर बसलीस. लिहून टाक 'हो' नि मोकळी हो.

आता माझी बातमी ऐक. मी पायऱ्या चढले! इमारतीच्या दारातल्या सगळ्या पायऱ्या! तुझ्या बाबाने नुसतं कोपराला धरलं होतं, अगदी जरासं. वॉचमनने सलाम ठोकला. तुझी आई चहा गॅसवर तसाच ठेवून बघायला आली नि तो उतू गेला. मी आतापासूनच खोलीत काय काय न्यायचं ते काढून ठेवतेय. ती निळी चादर आठवते? तू एक टोक धरायचीस नि मी एक, नि घडी घालता घालता आपण दोघी मध्ये भेटायचो, नि तू प्रत्येक वेळी माझ्या नाकाला नाक लावायचीस. ती पहिल्यांदा ठेवली.

विजयी आजी


शनिवार, २२ मार्च

आजी,

तू मला ओळखतेस म्हणून स्पष्ट लिहिते. रागावलीस तर रागाव.

बाबांनी कोपर धरलं होतं ना? मग तू चढलीस, की बाबांनी चढवलं? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही. मला खरंच माहीत नाही, तुलाही माहीत नाही आणि बाबांनाही नाही. गोची तीच आहे. ज्या दिवशी तू एकटी त्या जिन्यावर असशील त्या दिवशी कळेल, आणि तेव्हा धरायला कोणी नसेल. आमच्या अँटेनाचं तेच. वर मिस्त्रीकाका नाहीत. वर काठी नाही. ती अडली तर अडली, आपण सगळे खाली तोंड वर करून बघत बसणार. आणि इथे 'हो' लिहिलं म्हणून खरी अँटेनाही तशीच वर जाणार, आणि कोणाची तरी बोट हाका मारत राहणार.

मी सरांना सांगितलं, पुन्हा परीक्षा घ्या. जमिनीवर पिवळी रेघ मारू. सगळ्यांनी रेघेच्या अलीकडे उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. सर म्हणाले, "आपण काय बालवाडीत आहोत?" मी म्हटलं, "सर, हात आपोआप पुढे जातो. चांगल्या माणसाचा आधी जातो." त्यावर त्यांनी मला परीक्षेच्या कामावरून काढलं. आता मी सामानाच्या खोलीत बसते आणि खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. 'नाही' बदललं की परत बोलावणार आहेत.

मी बदलणार नाही. आयुष्यभर चिठ्ठ्या चिकटवीन.

भिंगरी


एप्रिल लागला

भिंगरे,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी तुझ्यावर चिडले होते. चांगली कडकडीत चिडले होते. तुझं पत्र उशीखाली न ठेवता कपाटावर भिरकावलं. तुझ्या आईला म्हटलं, जिला मी भरवलं ती पोरगी मला विचारते, तू चढलीस का! तुझी आई काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला समजतं, ती तुझ्या बाजूची आहे.

मग परवा सकाळी मी तुझ्या बाबाला खाली नेलं नि म्हटलं, सोड. तो म्हणाला, सोडलं. मी म्हटलं, पूर्ण सोड. तो म्हणाला, पूर्ण सोडलं. नि भिंगरे, त्याची दोन बोटं माझ्या कोपराखाली तशीच! त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं! मी दाखवलं तेव्हा आपल्याच बोटांकडे असा बघत राहिला, जणू दुसऱ्याची आहेत. मग म्हटलं, हात मागे बांध. बांधले.

आणि मी पहिल्याच पायरीवर अडकले.

पाय उचलेना. कठड्याला धरून उभी, घाम फुटला. तेवढ्यात वॉचमनने खुर्ची आणली. मला त्या खुर्चीचा इतका राग आला की विचारू नकोस. पण बसले.

तर ऐक, तू म्हणालीस ते खरं. मी चढले नव्हते. त्याने मला चढवलं होतं नि आम्ही दोघंही खुशीत होतो. मागच्या पत्रात मी तुला 'हो' लिही म्हटलं होतं, ते फाडून टाक. तुझ्या साहेबाला माझा निरोप दे, म्हणावं आजी विचारते, पडायचं ते इथे पडावं की तिथे? इथे निदान खुर्ची तरी आणतात.

आता तुझा बाबा म्हणतो, "झालं ना समाधान? आता खोलीचा विषय संपला." संपला म्हणे! मी व्यायामवालीला रोज बोलावलंय. ती मला पाय उचलायला लावते नि स्वतः मोबाईल बघते. मला तेच बरं वाटतं, तिचे हात गुंतलेले असतात.

तू चिकटव चिठ्ठ्या. सरळ चिकटव, वाकड्या नकोत. कोणी म्हणायला नको, रागाने काम बिघडवलं. पण 'नाही' म्हणजे नाही. हटलीस तर माझ्या नावाला बट्टा.

पहिल्या पायरीवरची आजी


शुक्रवार, २५ एप्रिल

माझी लाडकी आजी,

तुझं पत्र सामानाच्या खोलीत वाचलं आणि एका खोक्यावर बसून इतकी हसले की मिस्त्रीकाका बघायला आले. त्यांना तुझी दोन बोटांची गोष्ट वाचून दाखवली, आणि बोलता बोलता मी सरांना नाव सांगितलं नाही तेही सांगून बसले. ते हसले नाहीत. बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तू माझ्यासाठी इथे बसलीस होय? मला वाटलं, सरांना कळलंय टोचलं कोणी." आणि तडक सरांच्या खोलीत गेले.

आत काय झालं ते त्यांनीच सांगितलं. "सर, टोचलं मी. आणि त्या एकदाच नाही. मी तिला दर वेळी टोचतो. ती अडलेली मला बघवत नाही." आजी, दर वेळी! आमची सगळी 'हो' त्या काठीची होती. सरांचा चेहरा पांढरा पडला म्हणे.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पिवळी रेघ आली. रेघ मारायला मलाच बोलावलं. काठी कुलपात. सगळे रेघेच्या अलीकडे, हात मागे. मिस्त्रीकाका माझ्या शेजारी, स्वतःचं मनगट आवळून धरलेलं. बटण दाबलं. पहिला हात खट्, दुसरा खट्, आणि आळशी थांबला. आणि एवढ्यात रेघ ओलांडून कोण धावलं सांग? सर! दोन्ही हात पुढे करून, पडणाऱ्या बाळाला झेलायला धावावं तसे! मिस्त्रीकाका ओरडले, "सर! हात!"

सर जागच्या जागी थांबले. आपल्या हातांकडे पाहिलं. मागे बांधले आणि उलट्या पावली रेघेच्या अलीकडे आले. मग मला म्हणाले, "लिहा. नाही."

आळशी उघडलाच नाही. दिवसभर तसाच लोंबत होता. सगळं सोडवून पाहिलं तेव्हा कळलं, घडीत जाळीचा एक पीळ त्या बिजागरीत चिमटत होता. काठीने टोचलं की तो सुटायचा. आता घडी नव्याने बसवायची आहे. एप्रिलचं रॉकेट आमच्याशिवाय गेलं. वरिष्ठांनी सरांना फैलावर घेतलं, सरांनी मला घेतलं नाही. पुढची जागा ऑगस्टमध्ये मिळेल असं म्हणतात. तुझा जिना आणि माझी अँटेना, आपल्या दोघींची तारीख एकच.

पाय उचल, आजी.

रेघवाली भिंगरी


जून, दुपार

भिंगरे,

थोडक्यात लिहिते, व्यायामवाली यायची वेळ झाली. दारातल्या पायऱ्यांपैकी निम्म्या माझ्या झाल्या. कठडा धरून, पण माणूस न धरता. कठडा चालतो ना गं? तो तिथेच असतो, माझ्यासाठी धावत येत नाही, म्हणून मी तो धरला. चुकत असेल तर कळव.

शेजारीण म्हणाली, "या वयात कशाला हा हट्ट? लेक सोन्यासारखा आहे, बसून खावं." मी म्हटलं, बसून खाल्लं की पचत नाही. तिने तोंड वाकडं केलं. तुझी आई आता उघड माझ्या बाजूला आली आहे. बाबा पुढे सरकला की ती नुसतं "हात" म्हणते नि तो मागे घेतो. घरात दिवसभर हेच चालतं. परवा मी मीठ मागितलं तेव्हा त्याचे हात मागेच!

तुझ्या मिस्त्रीला नमस्कार. अडलेलं लेकरू बघवत नाही म्हणाला, ते मला फार लागलं. माझाही लेक तसाच. त्याला वाईट कसं म्हणू?

आजी


रविवार, १७ ऑगस्ट

आजी,

उघडली.

आधी ते लिहिते म्हणजे तुझ्या जिवात जीव येईल. आता सावकाश सांगते.

आम्ही सगळे पडद्यासमोर. ती शेकडो मैल वर. तिथे ना दोऱ्या, ना छत, ना कोणी माणूस. वरून कॅमेऱ्याचं चित्र येत होतं, थांबत थांबत. सरांनी बटण दाबलं आणि मी सहज मागे वळून पाहिलं. आजी, त्या खोलीत एकूण एक माणूस हात मागे बांधून उभं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर जाऊन कोण टोचणार होतं? पण सगळ्यांचे हात मागे. निवृत्त झालेले मिस्त्रीकाकाही आले होते. त्यांचेही.

पहिला हात. दुसरा. मग आळशी हलला आणि शेवटच्या वितीवर, देवाशपथ, थांबला. पुढचं चित्र येईना. मग चित्र आलं. तो बसला होता. तिथे आवाज नसतो, म्हणून मिस्त्रीकाका तोंडानेच म्हणाले, "खट्."

मग रडारड, मिठ्या, सगळं झालं. पण नीट पाहिलं तर एका कडेला जाळी सैल आहे. चादर घातल्यावर एक कोपरा सुरकुतलेला राहतो तशी. कान उघडलाय, पण एका बाजूने जरा कमी ऐकेल. मोठ्या कचेरीतून आलेले पाहुणे म्हणाले, आजच्या दिवशी तेवढं नका लिहू. मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, "ती लिहील तेच जाईल." मी लिहिलं: आपली आपण उघडली. एक कड सैल.

खरी अँटेना पाठवण्याआधी ती कड सुधारायची. काम मलाच दिलंय. आता तू.

तुझी भिंगरी


ऑगस्टचा शेवटचा शनिवार

माझ्या भिंगरीला, हे पत्र कुठून लिहितेय ओळख!

खाली किल्लीवाला कानस घासतोय. समोर रस्ता आहे. अंगावर निळी चादर आहे.

सगळे आले होते, तुझे आईबाबा, घरमालकीण, किल्लीवाला दुकान सोडून. पहिल्या पायरीपाशी मी खडूने रेघ मारायला लावली. पिवळा खडू मिळाला नाही, पांढराच होता, तेवढं चालवून घे. म्हटलं, सगळे अलीकडे, हात मागे. किल्लीवाल्याने विचारलं, "आजी, शाळा भरवलीय का?" म्हटलं, हो, नि आज परीक्षा माझी आहे.

निम्म्या पायऱ्या नीट गेल्या. मग गुडघ्याने दगा दिला नि मी कठड्यावर आदळले. मागून तुझा बाबा "आई!" म्हणून ओरडला, नि लगेच चट् असा आवाज झाला. तुझ्या आईने त्याच्या हातावर मारलं होतं. त्याला किती लागलं असेल ते मला त्या आवाजावरून कळलं, नि पुढे आलेला हात मागे नेताना त्याला त्याहून जास्त लागलं असेल, तेही कळलं. मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खाली आले असते.

शेवटच्या पायऱ्यांना पाय उचलेचना. मग मी बसले, पाठ वरच्या पायऱ्यांकडे नि तोंड खालच्यांकडे करून, नि ढुंगणावर एकेक पायरी सरकत सरकत वर गेले. चांगले कपडे घातले होते, त्यांची पार धूळधाण झाली. वर पोचले नि कुलूप मीच काढलं.

घरमालकीण टाळ्या वाजवायला लागली. तुझा बाबा खालून फोनवर तुझ्या चुलत्याला सांगत होता, रडत रडत, "आई चढली! सगळा जिना चालत चढली!" मी वरून ओरडले, "नाही! चालत नाही! शेवटच्या बसून! तसं सांग!" तो म्हणाला, "आई, आजच्या दिवशी तरी!" मी म्हटलं, "आजच्या दिवशीच!" मग त्याने सांगितलं. एक कड सैल, असं समज. पण धरलं कोणी नाही.

आता मी अर्धा दिवस उठणार नाही. उद्या उतरायचं कसं ते उद्या बघेन, व्यायामवालीला विचारलंय. तू येशील तेव्हा चादरीचं दुसरं टोक धरायला मला कोणीतरी लागेल. त्याला मी मदत म्हणत नाही, घडीला दोन माणसं लागतातच.

थांब, खिडकीतून खाली बघितलं तर तुझा बाबा अजून रस्त्यावरच उभा आहे. वर बघतोय. हात अजून मागेच बांधलेले. त्याला सोडायला सांगायचं राहिलंच बघ.

वरच्या मजल्यावरची,
तुझी आजी